बाळभेटीचा गेटपास

१२ ऑक्टोबर, रविवार
रोशनीला नववा लागला. प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये अकरा वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी बाळ येणार आणि व्हिजिटर पॉलिसी नाही, हे शोभत नाही. आज केली. चाळीस दिवस कोणीही नाही. रोशनीने विचारलं, तुमसरहून माझी आईपण नाही का? म्हटलं, अपवाद केला की अपघात होतो. ती फोन घेऊन आत गेली. पटलं असावं.

१९ ऑक्टोबर
चाळीस दिवसांनंतरसाठी गेटपासचे शंभर फॉर्म छापले. नाव, बाळाशी नातं, कारण, किती मिनिटं. दारावर लाल अक्षरांत बोर्ड: 'शिंक आल्यास सात दिवस प्रवेश नाही. कोणीही असो.'
शेजारचे भैयालाल बराच वेळ वाचत उभे होते. मग विचारलं, कुत्रा कधी आणला?

२६ ऑक्टोबर
बाळंतिणीचं सगळं मीच करणार. सुरुवात डिंकाच्या लाडवांपासून. व्हिडिओ अर्धाच पाहिला, कल्पना आली. एक लाडू पडला, फरशीचा टवका गेला. लाडू शाबूत. क्वालिटी म्हणतात ती हीच.
रोशनी आईशी फोनवर बोलत होती. मी गेल्यावर तिने फोन ठेवला.

४ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी २.१०
मुलगी! सिझर. तीन किलो शंभर ग्रॅम. दोघी ठीक. मीही ठीक, मधे थोडा वेळ बाकावर आडवा होतो. नर्सने चार मिनिटं हातात दिली. फॉर्म न भरता.

त्याच दिवशी, ५.३०
रोशनी नीट शुद्धीवर आली. पहिलं वाक्य: "माह्या आईले बोलाव."
भुलीचा असर. दुर्लक्ष केलं.

७ नोव्हेंबर
रविवारी डिस्चार्ज. इकडे छत्तीसगढमध्ये त्याला सगळे छुट्टीच म्हणतात. गर्दी नको म्हणून कॉलनीच्या ग्रुपवर हिंदीत मेसेज टाकला: बेबी की छुट्टी रविवार सुबह ग्यारह बजे, सबसे सहयोग की अपेक्षा. मोबाईलला बोलून टाइप केलं, वेळ वाचतो. सहयोग म्हणजे येऊ नका, हे शिकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.
दहा मिनिटांत चौऱ्याऐंशी अंगठे. आमच्या रिसाली कॉलनीत समजूतदार लोक राहतात.

८ नोव्हेंबर
भैयालालनी विचारलं, गंज केवढा आणू? एवढं पातेलं बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवायला असेल. म्हटलं, मोठाच आणा.

९ नोव्हेंबर, रविवार
दवाखान्यातून घरी आलो तर अंगणात सतरंजी. साठेक माणसं. एक न्हावी. गंजात काँके पानी उकळत होतं. ते जडीबुटीचं गोड पाणी छत्तीसगढी लोक छट्ठीला, म्हणजे बाळाच्या सहाव्या दिवसाच्या समारंभाला, बाळंतिणीला देतात, पाहुणेही पितात.
म्हटलं, छट्ठी कोणाची? भैयालालनी माझाच मेसेज दाखवला. 'बेबी की छट्ठी.' मोबाईलने छुट्टी ऐकलंच नव्हतं. मंगळवारपासून मोजलं तर सहावा दिवसही बरोबर आला.
"आप ही तो बुलाए हो, प्रवीण भाई," ते म्हणाले. सगळ्यांनी सहयोग म्हणून काही ना काही आणलं होतं.
स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर आल्या. सिंधुताई स्वतः. सकाळच्या गाडीने. रोशनीने मेसेज पुढे पाठवला होता, एक अक्षर न बदलता. आईला पाहून ती ऑटोतच रडायला लागली. टाके दुखत असतील.
रीत म्हणून न्हाव्याने पहिला मलाच बसवला. मिशी गेली. मग अंगणातच गार पाण्याने अंघोळ.
परिस्थिती नियंत्रणात आहे.

१० नोव्हेंबर
शिंकलो. एकदाच. धुळीमुळे.
सासूबाईंनी बोर्डाकडे बोट केलं. "कोनीबी असो, असं तुमीच लिवलं ना, जवाईबापू?"
नियम चांगला आहे. फक्त वापर चुकीचा होतोय.

१२ नोव्हेंबर
मुक्काम पुढच्या खोलीत. सासूबाईंनी माझे लाडू खलबत्त्यात फोडून, तूप घालून पुन्हा वळले. रोशनी तीन खाते. आतून तिचं हसणं ऐकू येतं. कॉलनीतल्या निम्म्या बायकांनी मुलीला मांडीवर घेऊन झालं. भैयालाल म्हणाले, नाक तुमच्यावर गेलंय. मला बघायचं आहे.
शेवटी फॉर्म भरला. नाव: प्रवीण. बाळाशी नातं: वडील. कारण: नाक. मिनिटं: दहा. दाराखालून आत सरकवला.
दोन मिनिटांत परत आला. खाली रोशनीचं अक्षर:
'सतरा तारखेनंतर. सहयोगाची अपेक्षा.'