एका घरातून एकच नाव

४ जानेवारी

चि. भाऊ यास,
अ. उ. आशीर्वाद.

पोचल्याचं पत्र मिळालं. फोन कामापुरता आणि मनातलं ते पत्रात, ही आईने लावलेली सवय तू परगावी शिकवायला गेल्यावरही मोडली नाहीस, बरं वाटलं. पण पत्रात निम्म्याहून जास्त हवापाणी? एवढा शिकलास तो काय हवामान खात्यासाठी?

इकडे सगळं ठीक. दुकानात एका दवाखान्याच्या बाकड्यांचं काम आलंय. फाटकं रेक्झिन उसवायचं, आत नवा फोम, वरून नवीन कापड. हे फोम कापतात, मी शिवते, आणि निघालेले खिळे डब्यात भरायचं काम ठकीकडे. ती खिळे कमी भरते आणि प्रश्न जास्त विचारते. परवा मशीनचं चाक उलटं फिरवलं तर घातलेला टाका उसवतो का, हे बघण्यात माझी अख्खी दुपार खाल्ली. दोरा गुंतला तो गुंतलाच.

आता मुद्द्याचं. काल वहिनी येऊन गेल्या. टेकडीखालच्या शाळेत पाचवीसाठी तुमच्या छकुलीचं नाव आमच्या पत्त्यावर घातलं. तुमचं घर शाळेच्या हद्दीबाहेर, आमचं आत. माझ्या दोन खोल्यांना जन्मात पहिल्यांदा भाव आला बघ! या महिन्यात मी आमच्या ठकीचं नाव घालते. दोघी एका बाकावर बसणार हे ठरलंय, आता खिडकीकडे कोण यावरून भांडण चालू आहे.

एकच विचारायचंय. एकाच घरातून दोन मुली चालतात ना? प्रवेशाचे नियम करणाऱ्या समितीत तूच आहेस, म्हणून तुलाच विचारते. छकुलीला छप्पन्न शाळा मिळतील. ठकीला मात्र ही नाही तर आमच्या गल्लीतली, जिथे एक बाई दोन वर्ग सांभाळते आणि पाचवीची पोरं अजून पाढ्यांवरच अडलीत. तेव्हा नीट बघून कळव.

कळावे. जेवणाची आबाळ करू नकोस आणि आमची आठवण काढत जा.

तुझी,
ताई


१५ जानेवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

हवेवरून मारलेला टोमणा पोचला. म्हणून आज हवेबद्दल चकार शब्द नाही.

इथली मुलं हुशार आहेत. त्यांना शिकवतोय तेच जुनं, मूल कुठल्या गल्लीत वाढलं त्यावरून ते पुढे किती कमावेल हे आधीच कितपत सांगता येतं. परवा नाव न घेता ठकीचं उदाहरण दिलं, मशीनच्या चाकासकट नाही, पण गल्लीतल्या शाळेसकट. व्याख्यान झाल्यावर दोघं-तिघं येऊन भेटून गेले. तुझ्या लेकीने मला भाव मिळवून दिला म्हण.

दोन नावांची काळजी सोड. भावंडांसाठी नियमात तशी सोय आहे, मीच घालायला लावली होती. खुशाल नाव घाल.

पत्त्याचं मनाला जरा टोचतं, कारण जवळच्याच मुलांना घ्या हा आग्रहही माझाच. पण छकुली सुट्टीचे दिवस तुझ्याकडेच पडलेली असते, तेव्हा अगदीच खोटं नाही. असं मी स्वतःला समजावतो, आणि गंमत म्हणजे मला ते लगेच पटतं.

भावोजींना नमस्कार, ठकीला एक टपली. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
भाऊ


२ मार्च

चि. भाऊ यास,
अ. उ. आशीर्वाद.

काल शाळेत सोडत झाली. छकुली लागली! वहिनींनी तिथेच मला मिठी मारली. अभिनंदन तुम्हा दोघांचं, मनापासून.

ठकीचं नाव निघालं नाही. नशिबाची चिठ्ठी, तिला कोण काय करणार. वहिनींना फार वाईट वाटलं. मी म्हटलं, एक लागली हेही काही थोडं नाही, घरातलीच आहे.

ठकी रडली नाही, त्याचीच मला काळजी वाटते. भिंतीवर लावलेली यादी तिने वरून खाली वाचली, मग खालून वर. घरी येताना म्हणाली की न लागलेल्या सगळ्यांची नावं प्रतीक्षायादीत आहेत, आपलं त्यातही नाही, म्हणजे आपली चिठ्ठी डब्यात पडलीच नसणार. मी तिला दटावलं. म्हटलं, मामाच्या समितीचं काम आहे, असं घोळाचं नसतं. तिला दटावलं खरं, पण प्रतीक्षायादीतही आपलं नाव का नाही? तुला काही सुचतं का?

दवाखान्याची बाकडी झाली. आता एका न्हाव्याच्या खुर्च्या आल्यात. काम आहे म्हणून बरं, हात रिकामे असले की डोकं चालतं.

कळावे. लेकीचं कौतुक कर, आमच्यासाठी मन खट्टू करू नकोस.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, ठकीचं बरोबर आहे. तिची चिठ्ठी डब्यात पडलीच नव्हती.

नियम असा आहे: एका घरातून एकच नाव, जे आधी येईल ते. दुसरं आपोआप गळतं. सवलत आहे ती फक्त सख्ख्या भावंडांना. समितीत कुणीतरी विचारलं होतं की आते-मामे भावंडं एका घरात राहत असली तर काय. नको म्हणणारा मीच. म्हणालो, नाहीतर लोक नातं सांगून वाटेल त्याचं मूल घरात दाखवतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते लोक म्हणजे आपणच असू, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

तुला उत्तर लिहिताना भावंडं या शब्दाशी पेन अडखळलं होतं. सख्खी की कुठलीही, असं मनात आलं होतं. नियम माझ्याच संगणकात होता. तू नीट बघून कळव असं लिहिलं होतंस. नंतर बघू म्हटलं आणि पाकीट बंद केलं. ते ‘नंतर’ काही आलंच नाही. आता मला धड झोप नाही.

छकुलीचं नाव या महिनाअखेरपर्यंत मागे घेता येतं. तसं केलं तर ठकीचं नाव प्रतीक्षायादीत जाईल, पण सगळ्यात शेवटी. लागेल याची खात्री नाही. हिला फोनवर सांगितलं तर ती रडली. तिचं म्हणणं, एकीचं हातचं जाईल आणि दुसरीला मिळणारही नाही, त्यात कुणाचं भलं?

तू सांग ताई, काय करू. तू म्हणशील तसं.

तोंड दाखवायला जागा नाही, तरी दूर लोटू नकोस.

तुझा,
भाऊ


१६ मार्च

चि. भाऊ यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुकानातच वाचलं. ह्यांना सांगितलं. ते खुर्चीला खिळे ठोकत राहिले, जिथे नको तिथेही. न्हाव्याची ती खुर्ची पुन्हा उसवावी लागली.

तू म्हणशील तसं, हे वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या घरात काही वाटायची वेळ आली की सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघायचं आणि मी असू दे म्हणायचं, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. म्हणूनच विचारलंस. मी असू दे म्हणाले की तू मोकळा, वर माझ्या मोठ्या मनाचं कौतुकही करणार. नियम तुझा, मुलगी तुझी, चूक तुझी, आणि निर्णय तेवढा माझा होय?

या वेळी मी असू दे म्हणणार नाही. नाव काढ असंही म्हणणार नाही. छकुली पडली तरी गादीवर पडेल, पैसे भरून उद्या दुसरीकडे जाईल. ठकी फरशीवर पडलीय. हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्याचाच तर तुला पगार मिळतो.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. पत्ता दिला तो हौसेने. वहिनी माझ्या खोलीत येऊन बसल्या, माझ्या घराची त्यांना गरज पडली, याचंच मला अप्रूप. हद्दीतल्या दुसऱ्या कुणाच्या लेकीची जागा आपण घेतोय, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. ठकीवर आलं तेव्हा कळलं.

आणि ठकीचं उदाहरण यापुढे वर्गात द्यायचं नाही.

कळावे.

ताई


२९ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

नाव काढलं. शाळेला खरं ते लिहिलं, की मुलगी त्या घरात राहत नाही, पत्ता आम्ही वापरला, ताईकडे बोट दाखवू नका. समितीचं कामही सोडलं. त्यांनी सोडायला सांगण्याआधी सोडलं, एवढीच काय ती अब्रू राखली.

तू खरं बोललीस म्हणून मीही बोलतो. तुझं पत्र वाचून मला आधी लाज वाटली नाही, राग आला, तुझाच. तू नेहमीसारखी असू दे का म्हणाली नाहीस, याचा राग. तुझं उत्तर काय येणार हे मी धरून चाललो होतो आणि त्यावर अगदी निवांत होतो. काही दिवस तसाच धुमसत होतो, मग तो राग कुणावर आहे हे बघितल्यावर स्वतःचीच किळस आली.

यात मी फार मोठं काही केलं असं समजू नकोस. छकुलीची दुसरी शाळा दुपारपर्यंत ठरली. तिथे पोहायला तलावसुद्धा आहे. मला चिमटासुद्धा बसला नाही ताई, आणि तेच जास्त लागतंय. ही माझ्याशी बोलत नाही, पण तेही ओसरेल.

ठकीचं नाव आता यादीत आहे. वरची नावं गळोत अशी वाट बघतोय. बघ, दुसऱ्यांची मुलं गळायची वाट बघतोय.

जमेल तेव्हा, जमलं तर, दोन ओळी लिही.

भाऊ


१४ जून

चि. भाऊ यास,
अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही. लिहायला घेतलं की शब्द जास्त तिखट व्हायचे, मग कागद बाजूला.

यादी ठकीपर्यंत आली नाही, जवळपाससुद्धा नाही. छकुलीची जागा पहिल्या नंबरच्या मुलीला मिळाली. आमच्या कोपऱ्यावर चाव्या करणारा बसतो, त्याची लेक. तो रोज तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन तिला सोडायला जातो. त्याला बघितलं की बरं वाटतं, आणि मग दिवसभर वाईट वाटत राहतं.

ठकीची गल्लीतली शाळा सुरू झाली. बाई दुसऱ्या वर्गात गेल्या की हिला उभं करतात आणि बाकीच्यांकडून पाढे म्हणून घ्यायला लावतात. हुशार आहे म्हणून तिचा हा सन्मान. पहिल्या दिवशी खूश होती. आता घरी येऊन खिळे भरते, आणि प्रश्न विचारत नाही. मशीनचं चाक मी मुद्दाम मोकळं सोडून बघितलं. तिने हात लावला नाही.

छकुली येते सुट्टीच्या दिवशी. दोघींचं काही बिनसलेलं नाही, एवढी देवाची कृपा. वहिनीही येऊन गेल्या, बराच वेळ बसल्या, उठताना नुसता माझा हात दाबला.

ठकीला मी सगळं सांगितलं, पत्त्याचं आणि नियमाचंही. उगाच नशिबाच्या नावाने किती दिवस फसवायचं? तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की मामाने उत्तर लिहिलं तेव्हा त्याला माहीत होतं का. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तुझं ते पेन अडखळलेलं पत्र मी तिला दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. तू या महिन्यात येणार म्हणून ती थांबलीय, तुलाच विचारणार आहे.

माझा राग गेलेला नाही. तरी आलास की आधी आमच्याकडेच यायचं. आणि भाऊ, तिला काय सांगायचं ते मला पत्रातून विचारू नकोस.

तुझी,
ताई