कप्पेवाल्याच्या घरातला कप्पा

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, वय एकाहत्तर पूर्ण, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने आणि मीच बनवलेल्या टेबलावर बसून लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे आणि त्याचे पैसेही मोजून घेतले आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी उरलेले नाही. दहा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. त्यातले चौथे कलम माझ्या मोठ्या भावाविषयी होते. दीड पान भरले होते आणि अक्षरही चांगले आले होते. ते सगळे कलम चुकीचे होते. कसे, ते पुढे येईल.

कलम पहिले : घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची पडवी, हे सर्व माझ्या एकुलत्या एक लेकीला द्यावे. पडवीचे छप्पर गळते. ते दरवर्षी दुरुस्त करायचे ठरते आणि दरवर्षी राहते. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. मी हरकत घेणार तरी कुठून?

कलम दुसरे : जावई. जावयाला माझी रबरी हातोडी द्यावी. लग्न झाल्यापासून हा गृहस्थ माझ्या घरी आला की भिंतीला, पलंगाला, कपाटांच्या पाठींना बोटांच्या पेरांनी टकटक करून पाहतो आणि मी बघितले की म्हणतो, "लाकूड छान आहे हो." हातोडी मिळाली म्हणजे बोटांची सालटी तरी निघणार नाहीत. आता याला एकट्याला दोष देत नाही. या गल्लीत सगळ्यांचीच खात्री आहे की माझ्या घरात नोटांची थप्पी आहे. चव्वेचाळीस वर्षे मी लोकांच्या फर्निचरमध्ये चोरकप्पे बसवले, मला नावच कप्पेवाला पडले, आणि ज्याने तीनशे कप्पे केले त्याच्या घरी एक तरी भरलेला असणारच, असा सरळ हिशोब. फक्त माझी लेक त्यांच्याशी भांडते. मागच्या महिन्यात नवऱ्याला माझ्यादेखत म्हणाली, "बाबांकडे कधीच काही नव्हतं. असतं तर आई गेली असती का?" मी ताटाकडे बघत जेवत राहिलो.

कलम तिसरे : हत्यारे. रंधे, पटाश्या, करवती, गुण्या आणि शिसवी मुठीचा हातोडा समोरच्या सुताराला द्यावा. त्याने माझी निम्मी गिऱ्हाईके पळवली. भाव पाडला, प्लायवूडला लाकूड म्हणून विकले, आणि माझ्याबद्दल, "म्हाताऱ्याचे हात थरथरतात," असे सांगत फिरला. थरथरतात हे खरे आहे. तरीही हत्यारे त्यालाच द्यावीत, कारण आता इथे रंधा धरता येणारा तो एकच आहे. देताना सांगावे की पटाशीला धार आहे, सवय नसेल तर जपून.

माझ्याबरोबर तीस वर्षे काम केलेल्या पॉलिशवाल्याला काहीही देत नाही, कारण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही द्यायचे नसते, असे वकिलाने सांगितले. हे कळल्यावर मला बरे वाटले.

कलम चौथे : गिऱ्हाईके. माझ्याकडे कुठलीही यादी, वही किंवा नकाशा नाही. कोणी शोधू नये. धंद्याचा नियम एकच होता. कप्पा कुठे आहे ते ज्याने करायला सांगितला त्याला आणि मला माहीत, तिसऱ्या कानाला नाही. बायकोला सांगायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण कोणाच्या देखत जागेचा उच्चारसुद्धा करायचा नाही. मला हा नियम माझ्या उस्तादाने कान पिळून शिकवला.

लोक घरात किती रोकड ठेवतात, असे मला पुष्कळांनी विचारले. खरे उत्तर असे की कप्प्याच्या मापावरून माणसाची भीती कळते, पैसे कळत नाहीत. एका निवृत्त कारकुनाने काड्यापेटीएवढा कप्पा मागितला आणि तो तीनदा उघडून-मिटून पाहिला. एका डॉक्टरने पलंगाखाली कोपरापर्यंत हात जाईल एवढा करून घेतला. "तसं काही नाही हो, कागदपत्रं ठेवायला," असे प्रत्येकजण म्हणाला. एका घरी नवऱ्याने कपाटात कप्पा करवून घेतला, महिन्याभराने बायकोने मला गुपचूप बोलावून त्याच कपाटात दुसरा सांगितला. मी तो पहिल्याला पाठ लावून केला. दोघांच्या पैशांत एक फळी. दोघांनीही मला चहा पाजला आणि दोघेही म्हणाले, "ह्यांना कळू देऊ नका." मी कळू दिले नाही. त्या वेळी याचा मला फार अभिमान होता.

कलम पाचवे : दादा. माझा मोठा भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला. त्याआधीची चोवीस वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही, त्याच्या दारावरून जाताना पलीकडच्या बाजूने गेलो आणि भेटेल त्याला सांगितले की याच्या बारा हजारांपायी माझी बायको गेली.

त्या दिवशी मी दुसऱ्या गावी होतो. एका हॉटेलचे काउंटर बसवायचे काम होते. दुपारी एकच्या सुमारास ठेकेदाराच्या केबिनमध्ये फोन आला. लेक तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती आमच्या किराणावाल्याच्या दुकानातून बोलत होती. "बाबा, आईला दवाखान्यात नेलंय. आतडं फुटलंय म्हणतात. लगेच ऑपरेशन करायचं, पण आधी बारा हजार अनामत भरा म्हणतात. बँक आज बंद आहे. घरात काही आहे का?"

मी सांगितले, "घरात काही नाही. काकाकडे जा. त्याच्याकडे आहेत, मला माहीत आहे."

"आणि नाही म्हणाले तर?"

"नाही कसा म्हणेल?"

मला माहीत होते, कारण दादाच्या बैठकीच्या दिवाणाखाली मीच कप्पा केला होता. चांगला हातभर लांब. लेक धावत गेली. दादा दारात उभा राहून म्हणाला, "पोरी, घरात एक नोट नाही." ती तिथून आणखी चार घरी गेली. संध्याकाळी पाचला तिची आई गेली. मी एसटी गाठून अकरा तासांनी पोचलो. लेक माझ्या गळ्यात पडून एवढेच म्हणाली, "काकांनी दिले नाहीत, बाबा." मी म्हणालो, "बघून घेईन त्याला." आणि पाहून घेतले. चोवीस वर्षे.

दादा गेल्यावर वहिनींचा निरोप आला, दिवाणाचा कप्पा कसा उघडायचा ते कोणालाच माहीत नाही, येता का. मी गेलो. चांगले कपडे घालून गेलो. आतल्या नोटा वहिनींच्या पुढ्यात ओतायच्या आणि एक शब्द न बोलता निघून यायचे, असे मी वाटेत ठरवले होते. खिटी ओढली, फळी सरकवली. आत काही नव्हते. आतल्या लाकडाचा रंगसुद्धा बदललेला नव्हता, एवढ्या वर्षांत तिथे कधी काही ठेवलेच गेले नव्हते.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ह्यांचं दुकान तेव्हाच बुडालं होतं. हे म्हणायचे, घरात कप्पा आहे एवढं बाहेर कळलं की घेणेकरी धीर धरतात. म्हणून तो केला. तुमच्यापासूनही लपवलं, लाज वाटली त्यांना. पोरगी गेल्यावर माझी साखळी घेऊन सोनाराकडे धावले. सहा हजार मिळाले. दवाखान्यात पोचले तर सव्वापाच झाले होते. तुमच्या लेकीने तिथल्या खोलीचं दार लावून घेतलं."

मी विचारले, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला आलो होतो दोनदा. तुम्ही दार उघडलंत का?"

उघडले नव्हते.

कलम सहावे : बँकेतली शिल्लक. जी काही असेल ती सर्व वहिनींना द्यावी. त्यात साखळी येणार नाही, सोन्याचे भाव मला माहीत आहेत. त्यांनी घेतली नाही तर त्यांच्या दाराशी ठेवून यावे. लेकीने स्वतः जावे, जावयाला पाठवू नये.

कलम सातवे : तिच्या आईचे कपडे ठेवायचे कपाट. हे कपाट लेकीला स्वतंत्रपणे देत आहे आणि हे मृत्युपत्र मुख्यतः याच कलमासाठी लिहिले आहे. बाकीची सहा कलमे मी वेळ काढायला लिहिली, हे आता माझ्याही लक्षात आले आहे.

बाळ, घरात होते.

तळाची फळी उजवीकडे दाबायची आणि पुढे ओढायची. खाली कप्पा आहे. त्यात अठरा हजार चारशे आहेत. मी लाकूड कापायचे मशीन घ्यायला जमवले होते. तुझ्या आईला माहीत नव्हते. तिने एकदा विचारले होते, "उद्या तुम्हाला काही झालं तर आम्ही काय करायचं?" मी हसून म्हणालो, "मला काय होतंय?" तिला काही होईल हे माझ्या डोक्यात आलेच नाही.

फोनवर तू विचारलेस तेव्हा माझ्याभोवती सात जण डबे उघडून बसले होते. माझा चेहरा बघून सगळे गप्प झाले होते आणि ऐकत होते. तळाची फळी, उजवीकडे, एवढेच बोलायचे होते. मला ते बोलता आले नाही. परक्या माणसांदेखत जागा सांगायची नाही, ही जीभ उस्तादाने बांधली होती ती सुटली नाही. त्या सातांतला पॉलिशवाला सोडला तर एकालाही माझे घर कुठल्या गावात आहे हे ठाऊक नव्हते. मला वाटले, दादाकडून घेतील, मी जाऊन फेडीन, कप्पा कप्प्याच्या जागी राहील. दवाखान्यात न्यायची चादर तू त्याच कपाटातून काढलीस. तुझा हात त्या पैशांच्या चार बोटे वर होता.

मी रात्री घरी पोचलो तेव्हाच सांगायला हवे होते. तू दादाचे नाव घेतलेस आणि मला सुटल्यासारखे झाले. त्यानंतर तू माझी बाजू घेत राहिलीस, माझे कपडे धुतलेस, माझ्यासाठी जगाशी भांडलीस, आणि मी ते सगळे घेत राहिलो. दादाचा कप्पा रिकामा निघाल्यावरही मी दोन वर्षे गप्प बसलो. मी भित्रा माणूस आहे. यापेक्षा नरम शब्द मला सापडला नाही.

ते पैसे मी कधी काढले नाहीत. मधल्या काळात नोटा बदलल्या, जुन्या भरायला मुदत मिळाली, मी नेल्या नाहीत. आता त्यांना कोणी हात लावणार नाही. जावयाला दाखव हवे तर, त्याचा शोध संपेल. पुढे कपाटाचे काय करायचे ते तू ठरव. कुऱ्हाड पडवीत आहे.

येणेप्रमाणे सात कलमे लिहून पूर्ण केली. वकील म्हणाले की साक्षीदारांनी माझी सही पाहिली की पुरे, मजकूर त्यांना कळायची गरज नाही. तरीही हा मजकूर मी आज, शनिवारी, सकाळी अकरा वाजता, ज्या दुकानातून तो फोन आला होता त्याच किराणा दुकानात उभा राहून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवला आहे. सातवे कलम दोनदा वाचले. दुकानात पाच गिऱ्हाईके होती, समोरचा सुतारही होता. सगळे ऐकत होते. दुपारपर्यंत लेकीच्या कानावर जाईल. ती आली तर मी घरी आहे. कडी लावलेली नाही.

सही : कप्पेवाला सुतार

साक्षीदार पहिला : किराणावाला. (त्या दिवशी फोनचे पैसे घेतले नव्हते. सही केली.)

साक्षीदार दुसरा : पॉलिशवाला. (त्या दिवशी केबिनमध्ये होतो. "घरात काही नाही," हे मी ऐकलं होतं, आणि खरं मानलं होतं. सही केली.)

ठिकाण : दुकानाचा काउंटर
वेळ : अकरा वाजून चाळीस मिनिटे