एक काळा घेवडा

६ मे, मंगळवार

बेकरीच्या रांगेत नगराध्यक्षा केटलरबाई माझ्या कानाशी लागल्या. "आनेग्रेटबाई, अठ्ठावीस जूनला कुठे जाऊ नका. आणि तो निळा सूट धुवायला टाका." एवढंच. जास्त बोलायची त्यांना बंदी आहे. बैठकीत ठरेपर्यंत नाव गुप्त असतं. गुप्त म्हणजे अख्ख्या गावाला माहीत!

मानद नागरिक. मी! पालिकेच्या जिन्यात सात तसबिरी आहेत — सातही पुरुष, त्यातले पाच दाढीवाले. आठवी माझी. त्या जिन्यावर मी तलावासाठी किती खेपा घातल्या ते माझे गुडघे सांगतील. पालिकेने गावचा पोहण्याचा तलाव बुजवायला काढला तेव्हा ट्राउडल आणि मी मंडळ काढलं, तलाव स्वतःच चालवायला घेतला. निम्म्या गावाला मी पोहायला शिकवलं. केटलरबाईंनाही. पाण्याखाली गेल्या तरी बोलायच्या थांबत नसत.

एकहार्टला सांगितलं. नवरा म्हणून याचं पहिलं वाक्य काय? "म्हणजे मेल्यावर तू दफनभूमीत चॅपलच्या भिंतीशी, मोठ्या लोकांच्या रांगेत." मी हसले. तो शतावरीचे कोंब सोलत होता, सोलतच राहिला.

८ मे, गुरुवार

पुढच्या गुरुवारी बैठक, दारं लावून. आमच्याकडे या एका गोष्टीसाठी हात वर करत नाहीत. प्रत्येक नगरसेवकाला घेवड्याचा एक पांढरा आणि एक काळा दाणा मिळतो, आणि तांब्याचा जुना डबा फिरतो. सगळे पांढरे निघाले तर मान मिळाला. एक जरी काळा निघाला तर नाव गेलं — आणि गेलेलं नाव पुन्हा कधी घेत नाहीत. कुणी काय टाकलं ते बोलायचं नाही. आजोबांच्या काळापासून असंच.

मला काळजी नाही. ट्राउडलही नगरसेविका, ती आहे ना आत! शाळेपासूनची माझी मैत्रीण. कुणी कुरकुर केलीच तर ती त्याला टेबलाखालून लाथ घालेल.

११ मे, रविवार

लेकीचा फ्रँकफुर्टहून फोन. तिला नाही सांगितलं. जीभ चावून चावून दुखायला लागली.

जेवणानंतर एकहार्ट फिरायला गेला तो चहाच्या वेळेपर्यंत आलाच नाही. टोपीसुद्धा घरी विसरला. कुठे होतास विचारलं तर, "असाच, नदीकडे." बायपासनंतर तो नदीकडचा चढ चढत नाही. पण मी कुठे लक्ष देते, मी आरशासमोर निळ्या सूटचं बटण लागतंय का ते बघत होते. लागत नाही.

१५ मे, गुरुवार

आज.

१६ मे, शुक्रवार

फोन नाही. दुपारी केटलरबाई समोरच्या फुटपाथवरून जाताना दिसल्या. मला पाहून औषधाच्या दुकानात शिरल्या. पाच मिनिटांनी रिकाम्या हातांनी बाहेर.



१७ मे, शनिवार

बेकरीत गेले आणि सगळ्या गप्प. बेकरीवाल्या झीगलरबाईंनी न मागता रुबार्बच्या केकचा एक तुकडा जास्त घातला. या गावात जास्तीचा केक दोनदाच मिळतो — घरात कुणी गेल्यावर, नाहीतर तुमची अब्रू गेल्यावर. म्हटलं, "बाई, बोला आता. केक खाल्ल्यावर काय, आधी काय." तर पुटपुटल्या, "एकच होता हो काळा. बाकी सगळे पांढरे."

एकच.

घरी कशी आले माहीत नाही. एकहार्टने कोट काढून घेतला, खुर्चीत बसवलं, पाय चोळले. म्हणाला, "जाऊ दे. तसबिरीत काय आहे."

तसबिरीत काय आहे! ज्याला मिळत नाही त्याला विचार!

१८ मे, रविवार

प्रार्थनेला गेले नाही. कोण होतं, कोण होतं, कोण होतं.

२० मे, मंगळवार

ट्राउडल होती.

शनिवारी तलाव उघडायचा, म्हणून आज मंडळाची साफसफाई होती. ट्राउडल उथळ भागात गमबूट घालून शेवाळ खरवडत होती. माझ्याकडे बघितलं नाही. शाळेपासून ही बाई माझ्याकडे न बघता शिंकलीसुद्धा नाही! मी शिडीवरून खाली उतरले, तिच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं. तिने ब्रश भिंतीला टेकवला.

"हो. मी टाकला."

"का?"

"ते नाही सांगता येणार."

"जळतेस. मी अध्यक्ष आणि तू जन्मभर चिटणीस, म्हणून."

"तसं समज."

"तसं समजू? ट्राउडल, तुझ्या लेकाला, लुट्सला, मी पाण्यातून ओढून काढलंय."

तिचा चेहरा पांढराफटक झाला. वाटलं आता बोलेल. पण तिने ब्रश उचलला. "इथून सरक, आनेग्रेट. निसरडं आहे." बाकीचे सगळे खाली मान घालून खरवडत होते, जणू शेवाळात सोनं सापडणार आहे.

परक्याने पाठीत सुरा मारला तर माणूस निदान ओरडतो. मला ओरडतासुद्धा आलं नाही.

२१ मे, बुधवार

तलावाच्या किल्ल्या पाकिटात घालून ट्राउडलच्या टपालपेटीत टाकल्या. चिठ्ठी नाही. तिची खिडकी उघडी होती आणि आत रेडिओ चालू होता. रेडिओ ऐकते!

एकहार्टला म्हटलं, ही बाई पुन्हा या घरात यायची नाही. माझ्या मयतालाही नाही. तो म्हणाला, "इतकं तोडू नकोस गं." मी म्हटलं, तू तिची बाजू घेतोस? तर नाही म्हणाला, आणि बटाट्याचं सूप केलं, माझ्या आवडीचं, वर कुरकुरीत कांदा घालून. आठवडाभर तोच रांधतोय. संसार करून इतकी वर्षं झाली, इतका गोड कधी वागला नव्हता. निदान घरात तरी आपलं एक माणूस आहे.

२४ मे, शनिवार

तलाव उघडला. मी गेले नाही. पण आमच्या स्वयंपाकघरात पोरांचा आवाज येतो, त्याला काय करणार. खिडक्या लावून घेतल्या. मग उकडायला लागलं म्हणून उघडल्या.

पहिली उडी दरवर्षी मी मारते. यंदा कुणी मारली ते विचारलं नाही. झीगलरबाईंनी तरीही सांगितलं — कुणीच नाही. ट्राउडलने नुसता दोर काढला म्हणे, आणि म्हणाली, "जा रे पोरांनो."

नाटकी.

२९ मे, गुरुवार

येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. गावातले सगळे पुरुष हातगाडीत बिअर घालून रानात गेले. एकहार्ट गेला नाही. बागेत बसून राहिला. बरं वाटत नाही का विचारलं तर म्हणाला, "ट्राउडलशी बोललीस का?" तिसऱ्यांदा विचारतोय. मी आत निघून आले.

१ जून, रविवार



सासूबाईंच्या कबरीवरच्या बिगोनियांना पाणी घालायला गेले होते. शेजारचीच जागा आमची, एकहार्टची आणि माझी. बायपासनंतर त्याने हट्टाने धरून ठेवली, दोघांची जोडीची, बर्चच्या झाडाखाली. नळावर ट्राउडल, झारी भरत. मी वळले. ती म्हणाली, "थांब. आता मला नाही सहन होत. लोक माझ्याशी बोलत नाहीत त्याचं काही नाही. तू किल्ल्या टाकल्यास तिथे माझं संपलं."

"मग सांग, का टाकलास."

"त्या रविवारी तुझा नवरा कुठे गेला होता ते त्याला विचार. टोपी न घालता."

"नदीकडे," मी म्हटलं.

"माझ्या स्वयंपाकघरात बसला होता," ट्राउडल म्हणाली. "रडत होता. एकहार्ट! मी त्याला लग्नाआधीपासून ओळखते, त्याच्या आईच्या मयताला नाही रडला. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणता आलं."

झारी भरून वाहत होती. आमच्या दोघींपैकी कुणीही नळ बंद केला नाही.

२ जून, सोमवार

आज नाश्त्याला विचारलं. त्याने नाकारलं नाही. अंडं फोडलेलं तसंच ठेवलं.

म्हणाला, मानद नागरिक गावाचा होतो. गाव त्याला चॅपलच्या भिंतीशी पुरतं, एकट्याला. तिथे नवऱ्या-बायकोला जागा नाही. म्हणाला, म्हातारे डॉक्टर आठवतात का? ते चॅपलशी, आणि त्यांची बायको तिकडे कुंपणाला, कचऱ्याच्या ढिगाजवळ. "मी पहिला जाणार, आनेग्रेट. बर्चखाली पडून राहीन आणि शेजारी गवत. मला नाही जमणार ते."

"मला विचारायचं होतंस."

"तू सोडलं असतंस?"

मी खोटं बोलणार होते. नाही बोलले. "नसतं सोडलं."

"म्हणून नाही विचारलं."

मी म्हटलं, तुझ्यावर यायचं ते सगळं ट्राउडलने अंगावर घेतलं, आणि तू इथे बसून मला सूप वाढलंस. मी तिला काय काय बोलले, तू ऐकत राहिलास. दोन आठवडे! लाज कशी वाटली नाही? म्हणाला, "वाटली. रोज वाटली." आणि मग असं रडला की मला उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. तेही मीच करायचं. माझी तसबीर गेली, माझी मैत्रीण जाता जाता राहिली, आणि सांत्वन मीच करायचं!

संध्याकाळी ट्राउडलकडे गेले. तिने दारातच किल्ल्यांचं पाकीट हातात ठेवलं. फोडलंसुद्धा नव्हतं. "खोल भागातली शिडी हलतेय," म्हणाली.

उद्या दफनभूमीत क्रोलला विचारून येते. तिथली सगळी व्यवस्था तोच बघतो. एवढं सगळं ज्या नियमासाठी गेलं, तो एकदा माझ्या कानांनी ऐकायचाय.

३ जून, मंगळवार

क्रोल हसला. "ती रांग? कुणी सांगितलं सक्तीची आहे म्हणून? औषधवाले ब्राउनसाहेब मानद नागरिक झाले, तेव्हापासून ज्याला हवं तिथे पुरतात. ते स्वतः बायकोशेजारी आहेत की, तुमच्या बर्चच्या मागच्याच ओळीत. तुम्ही तर त्यांच्यावरूनच पाण्याला जाता."

गावात ब्राउनची दहा घरं. दगडावर नुसतं आडनाव. तो दगड त्यांचा असेल असं आम्हा दोघांच्या कधी मनातच आलं नाही.

घरी आले तर एकहार्ट बटाटे सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "काय म्हणाला क्रोल?"

"तू म्हणालास तेच," मी म्हटलं, आणि दुसरी सुरी घेऊन त्याच्या शेजारी बसले.