बॅटरीत पाणी कुणी ओतलं

शिवांजली,

सकाळच्या गाडीनं पाटणला चालले. तू निजली होतीस, उठवलं न्हाई. माहेरी आटपाडीला जायला भरलेली तुझी बॅग दारात बघितली.

काल मिस्त्रीनं आपल्या शिडाच्या होडीची बॅटरी उघडली आणि विचारलं, "आजी, यात साधं पाणी कुणी ओतलं?" मीच ओतलं होतं. धरण दारात असताना बॅटरीचं बाटलीतलं पाणी विकत कशाला आणायचं, म्हणून फडक्यानं गाळून घातलं. त्यानंच आतल्या प्लेटा खराब झाल्या. परवा वारं पडलं आणि जोतिबाच्या हातनं होडीची मोटर चालू झाली न्हाई ती त्यापायी, तुझ्या वायरिंगपायी न्हाई. आणि मी सगळ्या होडीवाल्यांदेखत तुला बोलले, पाण्याला महाग असलेल्या गावची पोर, हिला होडीतलं काय कळतंय.

तू कागदावर लिहिलेली नवी बॅटरी आणते, सोलरची प्लेट आणि तिचा कंट्रोलरबी. जोडायचं तूच. जोतिबाला हात लावू देऊ नको, माझा लेक असला तरी त्याला तांबडी वायर कुठली न् काळी कुठली ते अजून कळत न्हाई.

दूध तापवून ठेवलंय, भाकरी डब्यात हाय. संध्याकाळी काठावर त्याच सगळ्यांना गोळा करून सांगणार हाय, चूक माझी होती. ते ऐकायला तरी थांब.

तुझी सासू,
मनुबाई