झाकणावरची देखरेख

१० मार्च
मागच्या पार्टीत भात करपला. तेव्हा गॅसपाशी सूनबाई होती, पण आता घरातला प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो की मी होते. तोंडी साक्षीला अर्थ नाही. म्हणून ही वही. यापुढे सगळं लेखी.

रविवारी ह्यांचा सत्तरावा वाढदिवस. चौदा पाहुणे. मीटबॉल्स मी करणार. सूनबाईने तिचा स्लो कुकर देऊ केला. मी जाहीर केलं की यात माझी चूक निघाली, तर घरच्या पार्ट्यांचा स्वयंपाक कायमचा तिच्याकडे. ती लगेच हो म्हणाली. इतकी घाई करायचं कारण नव्हतं.

१२ मार्च
सूनबाईने कुकर समजावला. खिम्याचे गोळे, टोमॅटोचा सॉस, वर झाकण, बटण हायवर, चार तास. मधे झाकण उघडायचं नाही. प्रत्येक वेळी वीस मिनिटांची ऊब जाते म्हणे. ऐकून घेतलं. तीस वर्षं परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षक होते मी. पाठ फिरवली की काय होतं, ते तिला काय ठाऊक.

१५ मार्च, दुपारी १२
साठ गोळे, सगळे एका मापाचे. दोन जरा मोठे निघाले, त्यांना ताळ्यावर आणलं. बटण दाबलं.

१२.२०
उघडून पाहिलं. सर्व ठीक.

१२.४०
दोन गोळे एकमेकांना चिकटून बसले होते. वेगळे केले.

१.००
जेवता जेवता उठून पाहिलं. सूनबाई म्हणाली, आई, त्यांना जरा एकटं सोडा. म्हटलं, त्यांना तेच तर हवंय.

२.२०
दर वीस मिनिटांनी तपासणी सुरू आहे. चष्म्यावर वाफ धरते, म्हणजे काम जोरात चाललंय.

३.००
एक गोळा फोडला. आत गुलाबी. कुकर कामचुकार आहे. आता दर दहा मिनिटांनी उघडणार.

४.००
चार तास झाले, गोळे कच्चे. पाहुणे साडेपाचला. मशीनमध्ये दोष असल्याचं मी सांगितलं. सूनबाईने विचारलं, किती वेळा उघडलंत? लेखी पुरावा होता, ही वही पुढे केली. ह्यांनी ती घेतली, पेन्सिलीने वीस-वीस मिनिटांची बेरीज मांडली आणि म्हणाले, "अगं, असंच लक्ष देत राहिलीस तर संध्याकाळपर्यंत ह्या खिम्याचा परत बकरा होईल."

मुलगा हसत हसत गॅलरीत गेला. सूनबाई हसली नाही. ते मला जास्त लागलं.

४.१०
तिने सगळं मोठ्या पातेल्यात ओतलं, गॅसवर चढवलं, झाकलं. मला बाहेर कोथिंबीर निवडायला बसवलं. कोथिंबीर आधीच निवडलेली होती.

४.५०
शिजले. गोळे एका मापाचे होते म्हणूनच सारखे शिजले, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी ८.००
पातेलं रिकामं. पाहुण्यांनी कृती विचारली. मी सांगायला तोंड उघडलं आणि सूनबाईकडे पाहून मिटलं.

सूनबाईकडे सुपूर्द: काचेचं झाकण एक, डाव एक, घरच्या पार्ट्यांचा स्वयंपाक, कायमचा. पोच म्हणून तिने माझ्यासाठी बाजूला ठेवलेला एक मीटबॉल वाटीत झाकून दिला.

झाकण काढून पाहिलं. शिजला होता.