बदकांचा तास

बुधवार, ७ जानेवारी. सकाळी.
हे पुढे कधी ऐकशील तेव्हा आधी डोक्यावर हात फिरव. चष्मा तिथेच आहे. तुला काही आठवणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, कारण ऐकणारी तू म्हणजे मीच, फक्त अजून थोडी म्हातारी. म्हणून सगळं या फोनमध्ये बोलून ठेवते. मुलाने सोय करून दिली आहे. मी बोलते, फोन लिहितो, तारीख स्वतःच घालतो आणि सांगितलं की वाचूनही दाखवतो. मला अक्षर येत नाही, त्याला चहा करता येत नाही. फिट्टंफाट.

आज शाळेत माझ्या तासाचं नवं सत्र सुरू. तिसरीचा वर्ग, दर बुधवारी, मधल्या सुट्टीनंतर. वेळापत्रकात त्याला 'कल्पकतेचा तास' म्हणतात. असं सून सांगते, ती त्याच शाळेत शिकवते. मी शिंप्याच्या दुकानात उभा जन्म हातशिलाई केली, आता पोरांना कापडाचं बदक शिवायला शिकवते. बुधवारी सगळा वर्ग मला 'बाई' म्हणतो. बाकीचे सहा दिवस मी आजी. आणि आजीला लोक फक्त औषध घेतलं का तेवढं विचारतात.

संकल्प: यंदा ओरडायचं नाही. पोरांची कल्पकता बहरू द्यायची.

त्याच दिवशी, दुपारी.
ओरडले. पण कमी. एकाने बदकाला निळं कापड घेतलं. बदक पिवळं असतं हे तिसरीत माहीत नको?

गुरुवार, ८ जानेवारी.
शाळेने टॅब आणलेत. ते सुनेच्या ताब्यात. तीही त्याच तिसरीला शुक्रवारी टॅबवर चित्रं शिकवणार. त्या तासाचं नावही 'कल्पकता'. आमच्या घरात आता कल्पकतेला तोटा नाही, मीठ तेवढं आमटीत राहून जातं.

मोठ्या बाईंनी दोघींना ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, पुढच्या वर्षी वेळापत्रकात असा एकच तास बसतोय. मार्चच्या पहिल्या बुधवारी प्रदर्शन ठेवू, पालक बघतील, पोरांशी बोलू, मग मी ठरवेन. माझ्याकडे बघून म्हणाल्या, चालेल ना, आजी? मी म्हटलं, ऑफिसातसुद्धा 'बाई' म्हटलंत तरी चालेल.

सून बाहेर आल्यावर म्हणाली, आई, मनाला लावून घेऊ नका. मी कशाला लावून घेऊ? तिनेच तयारी ठेवावी. सुईपुढे टॅब म्हणजे हत्तीपुढे मुंगी. कोण हत्ती ते प्रदर्शनात कळेल.

शुक्रवार, १६ जानेवारी.
मी यंत्रांच्या विरोधात आहे हे आज स्पष्ट बोलून ठेवते. यंत्राने डोकं मरतं. फोन हे यंत्र नव्हे, तो कान आहे.

सुनेच्या तासाला खिडकीतून सहज डोकावले. सहज म्हणजे बाकावर चढून. पोरांपुढे पडद्यावर तयार चित्रं. तयार घर, तयार झाड, तयार ससा. बोट लावलं की रंग भरतो. सगळ्यांचे ससे सारखे! जेवताना म्हटलं, अगं, दुसऱ्याने आखलेल्या रेघेत रंग भरायचा याला कल्पकता म्हणतात होय? मग मेंढ्यांच्या कळपाला साहित्य संमेलन का म्हणू नये? मुलगा हसला. सून ताट घेऊन उठली. बरोबर लागला बाण.

शनिवार, १७ जानेवारी.
सून भांडी आवरताना म्हणाली, आई, तुम्हीपण कापडावर खडूने बदक आखूनच देता ना? मी म्हटलं, त्यात फरक आहे. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, खडू माझ्या हातात असतो.

बुधवार, २१ जानेवारी.
वर्गात एक डावरी पोर आहे. सुई डाव्या हाताने धरते, दोरा माझ्या उलट दिशेने नेते. तिला शिकवायचं म्हणजे आरशात बघून वेणी घालण्यासारखं. आज बघते तर तिच्या बदकाला तीन पाय. विचारलं, हे काय ग? म्हणाली, बाई, एक पाय दमला तर? मी म्हटलं, बदक पाण्यात असतं, दमत नाही. म्हणाली, हे नाही पाण्यात, हे शाळेत चालत येतं.

तिसरा पाय उसवून दिला. प्रेमाने समजावलं. तोंड बारीक केलंन, पण शिस्त लागते हळूहळू.

रविवार, २५ जानेवारी.
पोरांची बदकं थैलीत घालून घरी आणलीत. जराशी दुरुस्ती. टाके वाकडेतिकडे, कुणाची मान लुळी, कुणाचं पोट गच्च. उसवायचं, नीट शिवायचं. पोरांना कळतही नाही, त्यामुळे वाईट वाटायचा प्रश्न नाही. सुनेने विचारलं, आई, मग पोरांनी काय केलं? मी म्हटलं, सुरुवात.

आमच्या शिंप्याकडे नियमच होता. एका गिऱ्हाइकाची उजवी बाही एकीने शिवली आणि डावी दुसरीने, तरी कळता कामा नये. त्याला काम म्हणतात.

शुक्रवार, ३० जानेवारी.
पुन्हा सहज डोकावले. सुनेच्या तासाला नुसता पसारा. तयार चित्रं तिने बंदच करून टाकलीत. पोरांना पांढरा पडदा दिला आणि सांगितलं, तुम्हीच काढा. त्यात आवाजही घालता येतो म्हणे. एकाने आपला बाप खुर्चीत झोपलेला काढला आणि स्वतःच्या तोंडाने घोरण्याचा आवाज भरला. एकीने खालून वर पडणारा पाऊस काढला. का, तर छत्रीला कंटाळा आला म्हणून. सगळी जणं एकमेकांच्या पाठीवर चढून बघत होती. चित्रं? एक धड नाही. एक दुसऱ्यासारखं नाही.

जिंकले मी.

बुधवार, ४ फेब्रुवारी.
सुईत दोरा ओवायला पोरं फार वेळ घालवतात. आजपासून मीच सगळ्यांच्या सुया ओवून देणार. माझ्याकडे ती छोटी तार आहे, नेढ्यातून घातली की दोरा आपोआप येतो. सून म्हणाली, हेही यंत्रच की. मी म्हटलं, हे अवजार. मी सुया ओवत होते तोवर पोरं रांगेत उभी. दोघांनी कापूस नाकात घातला. एकाचा निघाला लगेच.

संकल्प: काम घरी न्यायचं नाही. पोरांनी वर्गातच करायचं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी.
थैली घरी आणली आहे. पण फक्त माना.

बुधवार, ११ फेब्रुवारी.
डावरीने पुन्हा तिसरा पाय लावला! तोच, पण आता लाल. मी रागावले नाही. म्हटलं, बाळ, प्रदर्शनात लोक हसतील. म्हणाली, हसू देत की बाई, हसण्यासाठीच लाल केला. पाय उसवून माझ्या डब्यात ठेवला. मुख्य म्हणजे टाके तिचे चांगले होते. उलटे, पण चांगले. उसवायला वेळ लागला.

सोमवार, २३ फेब्रुवारी.
सगळी बदकं तयार. पलंगावर ओळीने मांडली. मुलगा आत आला, दचकला. म्हणाला, आई, ही सगळी माझ्याकडेच बघतायत. सगळ्यांची मान एकाच बाजूला. यापैकी एकही टाका वाकडा सापडला तर नाव बदलेन.

प्रदर्शनात दोन शब्द बोलावे लागतील. तयारी करते आहे. 'कल्पकता हातात असते, पडद्यात नव्हे.' फोनने वाचून दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला. माझ्याच.

बुधवार, ४ मार्च. सकाळी.
आज प्रदर्शन. सून म्हणाली, आई, काहीही झालं तरी आपण घरी एकत्रच येऊ. हरणाऱ्याने आधीच समजूत घालून घ्यावी, चांगलं लक्षण आहे.

बुधवार, ४ मार्च. दुपारी.
काही बोलायचं नाही आज.

गुरुवार, ५ मार्च.
बोलते. नाहीतर तू पुढे विसरशील आणि कुणालातरी मी जिंकले म्हणून सांगत सुटशील.

हॉलमध्ये एका बाजूला सुनेचे टॅब, एका बाजूला लांब टेबलावर माझी बदकं. देखणी ओळ. पहिले पालक माझ्याकडेच आले. एक गृहस्थ वाकून बघत म्हणाले, वा, काय सफाई आहे. मी मान झुकवली. मग म्हणाले, ठोक भावात कुठून घेतलीत? मला वाटलं, कौतुकाची पद्धत असेल. मी म्हटलं, पोरांनी केलीत. मग त्यांनी आपल्या मुलाला विचारलं, तुझं कुठलं रे? पोरगं ओळीकडे बघत राहिलं. मग माझ्याकडे.

तोवर बाकीचेही आले. तुझं कुठलं, तुझं कुठलं. कुणालाच सांगता येईना. दोघांनी एकच बदक धरलं आणि ओढाओढ सुरू. मी सोडवायला गेले, म्हटलं, अरे, भांडता कशाला, कुठलंही घ्या, सगळी सारखीच आहेत!

हे बोलले आणि दोघांनी बदक सोडून दिलं. मोठ्या बाईपण तिथेच उभ्या. त्या पलीकडच्या एका मुलाला म्हणाल्या, चल, मला एक टाका घालून दाखव बरं. त्याने सुई घेतली आणि माझ्यापुढे धरली. ओवून द्या ना बाई, म्हणाला.

मग डावरी आली. एकेक बदक उचलायची, पोटाखाली अंगठा दाबायची, ठेवून द्यायची. बरीच झाल्यावर एकापाशी थांबली. हे माझं, म्हणाली. आईला अंगठ्याखालची बारीक भोकं दाखवली. इथे पाय होता.

उसवलेलं दिसलं! एवढ्या वर्षांत माझं उसवलेलं कुणाला दिसलं नव्हतं. कापड हलक्या प्रतीचं होतं, दुसरं काय. शाळेने चांगलं कापड द्यायला हवं होतं.

पलीकडे त्या घोरणाऱ्या चित्राचा बाप स्वतः उभा होता. पोट धरून हसत होता. पोरगं त्याला सांगत होतं, कुठला आवाज नाकाचा आणि कुठला घशाचा. मी भाषण केलं नाही. घसा बसला होता.

शुक्रवार, ६ मार्च.
सुनेने चहा आणून ठेवला. म्हणाली, आई, ते तयार सशांबद्दल तुम्ही बोललात ना, म्हणून मी ती चित्रं बंद केली. तुमचंच बरोबर होतं. मी म्हटलं, मग मी का हरले? ती म्हणाली, मी तुमचं ऐकलं.

याचा अर्थ अजून लागत नाही. चहात साखर बरोबर होती.

सोमवार, ९ मार्च.
मोठ्या बाईंचा निर्णय. तास सुनेला. पण त्यात टॅब आणि कापड दोन्ही राहणार, पोरांना जे हवं ते. पुढच्या वर्षाची वाट बघायची नाही, या बुधवारपासूनच. सुनेने हट्ट धरला म्हणे की आई वर्गात हव्यातच. तेव्हा मी वर्गात बसायचं. मदत मागितली तर करायची, मागितली नाही तर करायची नाही. थैली घरी न्यायची नाही. ती तार कपाटात.

म्हणजे सल्लागार. मोठ्या माणसाला हातकाम सांगत नाहीत. मी मुलाला सांगितलं, मला बढती मिळाली. तो म्हणाला, छान, औषध घेतलंस का?

बुधवार, ११ मार्च. शाळेतूनच.
पोरांनी मदत मागितली नाही. सुया स्वतः ओवत बसली. जीभ बाहेर काढून, थुंकी लावून, वेळ घालवत. हात शिवशिवत होते माझे. मांडीखाली घालून बसले.

सुनेने सगळ्यांना कापड दिलं, खडू नाही. म्हणाली, मनात येईल ते करा. मग मलाही एक तुकडा दिला. आई, तुम्हीपण.

मनात येईल ते! मी कापड उलटं केलं, सुलटं केलं. डोळे मिटले. मनात काय येणार? मनात बदक. म्हटलं, असू दे, या वेळी वेगळं करू. तास संपेपर्यंत डोकं वर केलं नाही. झालं तेव्हा बघते तर मान त्याच बाजूला, पोट तेवढंच, टाके नेहमीचे.

डावरी आली. तिच्या हातात टॅब होता, त्यात तिच्या बदकाचं चित्र, लाल पाय वाजवत चालणारं. माझं तिने उचलून बघितलं. म्हणाली, छान आहे, आजी. पण हे तेच आहे ना?

आजी म्हणाली. मी थांबले, ती सुधारेल म्हणून. तिने नाही सुधारलं. वर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, उसवून बघा की जरा. मी मदत करू?

सून घरी चालली होती, तिला म्हटलं, तू हो पुढे. मी शिक्षकांच्या खोलीत बसले आहे. डावरीची आई उशिरा येते, म्हणून तीपण माझ्या शेजारी आहे. एक बाजू उसवून झाली आहे. तिचं म्हणणं, आधी मान सोडवा. थोडं काम आहे, फार नाही. अर्ध्या तासात काहीतरी निराळंच निघेल.

फोन, आता पुढचं तेवढं माझ्या मुलाला पाठव. बाळा, ब्रेडला लोणी लावून शाळेत पाठव, कडा कापू नकोस. अंडी उकडून, सोलून, मीठ वेगळ्या पुडीत. दोन केळी, फार पिकलेली नकोत. सगळं दोघींना पुरेल असं. मी अर्ध्या तासात येतेच आहे, तरी संध्याकाळसाठी बटाटेही उकडून दे.