अडतीस डब्या आणि माझी पुढची खोली

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काचपट्ट्या धुणारी, जिला सगळे काचवाली मावशी म्हणतात ती, हे माझ्या हाताने लिहिते. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. पुतण्या वेगळं सांगेल, म्हणून डॉक्टरणीचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. घालणारे बहुतेक माझ्याआधीच गेले. एक उरलेत, ते कलम दोनमध्ये.

१. नाल्यापलीकडच्या वस्तीच्या तोंडाशी असलेलं दोन खोल्यांचं घर माझ्या व माझ्या नवऱ्याच्या कष्टाचं आहे. पुतण्या म्हणतो, "काकू, एकटीला दोन खोल्या कशाला? माझ्या नावावर कर, मी बघतो ना तुझं." काका आजारी असताना हा दोनदा आला, दोन्ही वेळा टेबलफॅन मागायला. आयत्या बिळावर नागोबा मी होऊ देणार नाही. त्याला तो टेबलफॅन द्यावा. फिरत नाही.

२. प्रयोगशाळेचे थोरले साहेब यांना माझ्याकडची टाचणीही देऊ नये. कारण लिहिते. गरीब वस्त्यांत क्षयरोगाची तपासणी कमी होते, ती वाढवावी कशी, यावर संशोधनाला त्यांना मोठं अनुदान मिळालं होतं. गाडी वस्तीत जायची शनिवारी दुपारी, कारण साहेबांना तीच वेळ सोयीची. तपासणीसाठी खोकून दिलेल्या बेडक्याच्या डब्या बर्फाशिवाय सोमवारपर्यंत खोक्यात पडून असायच्या. एका सोमवारी खोकं उघडलं तर नाक धरावं लागलं.

मी म्हटलं, "साहेब, अडतीसच्या अडतीस खराब आहेत. लोकांकडून पुन्हा घ्यायला हव्यात."

"मावशी, अहवाल शुक्रवारी द्यायचाय. 'दोष आढळला नाही' लिहून टाका. तुमचं अक्षर छान आहे."

डब्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. पक्षपात नको म्हणून. मी वहीत अडतीस ओळी लिहिल्या, सुबक.

दोन आठवड्यांनी नवरा तपासणीची चिठ्ठी नाचवत घरी आला. मी रागावेन म्हणून डबी दिल्याचं त्याने लपवलं होतं. "बघ, उगाच घाबरत होतीस. साधा खोकला निघाला!" मी मनाची समजूत घातली, दुसऱ्या शनिवारची डबी असेल. वही उघडून चिठ्ठीवरचा आकडा ताडायचं धाडस झालं नाही. तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढला नाही. पाचव्या महिन्यात क्षयाने गेला. मग ताडला. सत्ताविसावी ओळ.

साहेबांना त्या अहवालावर बढती मिळाली. गेल्या महिन्यात घरी येऊन म्हणाले, "घर संस्थेला द्या, तुमच्या यजमानांच्या नावाची पाटी लावू." मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं! चहासुद्धा विचारला नाही.

३. पुढची खोली आणि बँकेतली सगळी शिल्लक वस्तीतल्या परिचारिकेला, तपासणी आणि तिच्या संशोधनासाठी. या पोरीने पाच वेळा अनुदान मागितलं. पाचही वेळा अनुदान समितीचं उत्तर एकच: तुमच्या वस्तीत रोगच आढळलेला नाही, मग पैसे कशाला? पुरावा म्हणून साहेबांचा अहवाल. म्हणजे माझंच अक्षर.

अटी अशा. लोक कामावर जायच्या आधी, पहाटे सहाला दार उघडावं. डबी त्याच दिवशी बर्फात घालून पोचवावी. खराब झाली तर खराबच लिहावी आणि त्या माणसाच्या दारात पुन्हा जावं, त्याने शिव्या दिल्या तरी. पाटी कोणाच्याही नावाची नको.

४. मागची खोली मी असेपर्यंत माझी. नंतर तीही तिचीच.

५. वहीतलं ते पान निवृत्तीच्या दिवशी मी फाडून आणलं. चोरी म्हणायची तर म्हणा. साहेब म्हणाले होते, "बोललात तर तुमचीही पेन्शन जाईल." जाऊ दे. पानाखाली मी लिहिलं आहे: डब्या खराब होत्या, मला माहीत होतं, अक्षर माझं आहे.

मृत्युपत्र मेल्यावर उघडायचं असतं, एवढं मलाही कळतं. पण मेलेल्या बाईची उलटतपासणी होत नाही. म्हणून ते पान परिचारिकेच्या सहाव्या अर्जाला जोडून आज सकाळी मी स्वतः टपालात टाकलं. चौकशीचं बोलावणं आलं की साहेबांशेजारच्या खुर्चीवर बसेन आणि विचारतील ते सगळं सांगेन.

वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

सही: काचवाली मावशी
साक्षीदार: १. कुलूपवाला, शेजारी. २. निवृत्त शाळामास्तर, समोरच्या घरातले.
स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: १४ मार्च